गोरेपणा विकू नका, शेड जुळवा

मंगरूळपीरमध्ये पार्लर टाकायचा विचार आहे? मग ताईंनो, माझं स्पष्ट मत ऐका: गोरेपणा विकू नका. 'फेअर अँड लव्हली'नेसुद्धा २०२० मध्ये नावातलं 'फेअर' काढलं. आपल्याकडे मात्र अजून नवरीचा चेहरा पांढरा आणि मान सावळी! फोटोत ते लगेच दिसतं आणि नाव तुमचं खराब होतं.

फाउंडेशनची शेड मनगटावर नाही, जबड्याच्या कडेला लावून दिवसाच्या उजेडात बघा. एप्रिल-मेच्या लग्नात घाम येणारच. म्हणून थर पातळ द्या, पावडर कपाळ-नाकावर दाबून लावा. रोजच्या लूकला काजळ, लिपस्टिक, थोडं कॉम्पॅक्ट पुरतं. त्याचा दर वेगळा ठेवा.

नवरी एकदाच येते, नोकरीवाली वर्षभर येते. धंदा तिच्यावर चालतो.