होळीत ओले लाकूड कशासाठी?

फाल्गुन पौर्णिमा जवळ आली, की आमच्या जळकोटात होळीची लाकडे जमू लागतात. त्यांत हिरव्या झाडाच्या फांद्या दिसल्या, की आम्हांस खेद होतो.

प्रत्येक पदार्थाचे पेटण्याचे तापमान निराळे असते. आरतीतला कापूर सुमारे ६६ अंश सेल्सियसलाच पेटण्याजोगी वाफ सोडतो. म्हणून काडी लावताच तो उजळतो. लाकडास त्यासाठी सुमारे २५० ते ३०० अंश तापावे लागते. ओले लाकूड तर त्यातील पाणी आटेपर्यंत १०० अंशांच्या फारसे वर जात नाही. सारी आच पाणी आटविण्यात खर्ची पडते, आणि आपल्या वाट्यास धूर येतो. वाळलेली तुराटी बारीक आणि कोरडी. ती क्षणात पेटते. यज्ञाच्या अरणीही कोरड्याच लागतात. ओल्या अरणी कितीही घुसळल्या, तरी अग्नी प्रकटत नाही.

२०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणून लातूरची तहान भागवावी लागली. त्याच जिल्ह्यात झाडाने मुळांवाटे ओढलेले पाणी आपण होळीत आटवावे, हा धर्म नव्हे. यंदाची होळी गोवऱ्या, तुराट्या आणि पऱ्हाट्यांचीच व्हावी, ही आमची घरोघरी प्रार्थना आहे.