विश्लेषण : शरीराचे वजन ‘कमी’ करणारी ट्रेडमिल शस्त्रक्रियेनंतर कितपत उपयोगाची?

कुणाचा गुडघा बदललेला, कुणाच्या मांडीच्या हाडात रॉड बसवलेला, कुणाचा क्रिकेट खेळताना गुडघ्याचा अस्थिबंध तुटलेला. रुग्ण दवाखान्यातून घरी आला की दोन-चार दिवसांत मोबाइलवर एक व्हिडिओ येऊन पडतो. त्यात एखादा खेळाडू कमरेपर्यंत फुगलेल्या पिशवीत उभा राहून ट्रेडमिलवर मजेत धावत असतो. ‘अँटिग्रॅव्हिटी ट्रेडमिल’ असे तिचे नाव. घरच्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : हे पुण्यात कुठे मिळते आणि किती पैसे लागतील?

शस्त्रक्रियेत बचत संपलेल्या घरासाठी हा प्रश्न साधा नाही. सोलापूर ते पुणे अंतर सुमारे २५० किलोमीटर आहे. वंदे भारतने गेले तरी, ऑपरेशन झालेला पाय घेऊन आठवड्यातून तीनदा ही ये-जा करायची म्हणजे सोबत एक माणूस आणि त्याचा बुडालेला रोजही आला. त्या बदल्यात नेमके काय पदरात पडते, हे आधी समजून घ्यायला हवे.

यंत्र नेमके काय करते?

नावात ‘अँटिग्रॅव्हिटी’ असले तरी गुरुत्वाकर्षण तसूभरही कमी होत नाही. रुग्ण एक खास चड्डी घालतो. ती कमरेभोवती चेनने हवाबंद पिशवीला जोडली जाते. पिशवीच्या आत ट्रेडमिल आणि रुग्णाचे पाय असतात. पंपाने आतला हवेचा दाब किंचित वाढवला की शरीर वर उचलले जाते.

किती दाब लागतो? ७० किलोच्या माणसाचे निम्मे वजन, म्हणजे ३५ किलो, उचलायचे आहे असे धरू. कमरेजवळच्या हवाबंद तोंडाचे क्षेत्रफळ ढोबळमानाने १००० चौरस सेंटिमीटर धरले, तर दर चौरस सेंटिमीटरला ३५ ग्रॅम एवढा जादा दाब पुरतो. आपल्या भोवतालच्या हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो असतो. म्हणजे वाढ जेमतेम साडेतीन टक्क्यांची झाली. स्कूटरच्या टायरमध्ये याच्या कितीतरी पट हवा असते. त्यामुळे आत पाय आवळल्यासारखे फारसे वाटत नाही आणि हात-पाय नेहमीसारखे हलवता येतात.

या प्रकारातील सर्वाधिक परिचित यंत्र ‘अल्टरजी’ कंपनीचे. त्यावर वजन एकेका टक्क्याने कमी करत मूळ वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत खाली आणता येते. दुसरा, जुना आणि स्वस्त प्रकार म्हणजे छातीला व मांड्यांना पट्टे बांधून वरच्या चौकटीला टांगून ठेवणे. त्याला हार्नेस म्हणतात. पक्षाघात आणि मणक्याच्या दुखापतीच्या रुग्णांसाठी तो जास्त वापरला जातो. पट्टे काचतात, ही त्यातली नेहमीची तक्रार.

ही कल्पना आली कुठून?

अंतराळातून, पण उलट्या दिशेने. तिथे अडचण वजन नसण्याची आहे. भार नसल्यामुळे अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला साधारण एक ते दीड टक्क्याने घटते. सुनीता विल्यम्स यांनी २००७ मध्ये अंतराळ स्थानकात ट्रेडमिलवर बोस्टन मॅरेथॉनचे अंतर पूर्ण केले, तेव्हा त्यांना ताणपट्ट्यांनी खाली ओढून धरावे लागले होते. ‘नासा’च्या एम्स संशोधन केंद्रातील रॉबर्ट व्हेलन यांनी हीच ओढ हवेच्या दाबातील फरकाने मिळवता येईल का, याचा अभ्यास केला. दाबाची दिशा उलटी केली की तेच तंत्र पृथ्वीवर माणसाला वर उचलते. त्यांचा मुलगा शॉन याने २००५ मध्ये त्यावर कंपनी काढली. २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने यंत्राला वैद्यकीय वापराची परवानगी दिली. २०२३ मध्ये ही कंपनी ‘रिवॉक’ या दुसऱ्या कंपनीने विकत घेतली.

वजन कमी करून काय साधते?

साधे चालतानाही गुडघ्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो, कारण स्नायूही सांधा आवळत असतात. त्यामुळे अंगावरचे १० किलो कमी झाले, तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार त्याहून बराच जास्त उतरतो. अमेरिकेत काही मोजक्या रुग्णांच्या कृत्रिम गुडघ्यातच सेन्सर बसवलेले होते. त्यांना या ट्रेडमिलवर चालवून आतला भार प्रत्यक्ष मोजला गेला आणि तो खरोखर कमी झाल्याचे दिसले.

मात्र भार पूर्ण काढून टाकणे हा उद्देश नाही. हाडाला आणि स्नायूला बरे होण्यासाठी भार लागतोच, अंतराळवीरांची हाडे हेच सांगतात. महिनाभर खाटेवर पडलेल्या माणसाची मांडी किती बारीक होते, हे सोलापुरात कुणाला सांगायला नको. तेव्हा भाराकडे औषधासारखे पाहावे लागते. त्याचा डोस असतो आणि तो आठवड्यागणिक वाढवायचा असतो. कमी दिला तर स्नायू झिजतात, घाईने जास्त दिला तर बसवलेली प्लेट हलू शकते. या यंत्राची खरी कमाई म्हणजे हा डोस आकड्यात सांगता येतो. आज ६० टक्के, पुढच्या आठवड्यात ६५.

संशोधन काय सांगते?

व्हिडिओ पाहून वाटते तितके उत्साहवर्धक चित्र इथे नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासात गुडघा बदललेल्या ३० रुग्णांना दोन गटांत विभागले होते. एका गटाला ही ट्रेडमिल, दुसऱ्याला जमिनीवरचे नेहमीचे व्यायाम. ट्रेडमिल सुरक्षित ठरली, रुग्णांना आवडलीही. पण दोन्ही गट सुधारले आणि त्यांच्या हालचालींत ठळक फरक आढळला नाही. एवढ्या लहान अभ्यासावरून अंतिम निकाल देता येत नाही, हेही खरे.

मोठा पुरावा पक्षाघाताच्या रुग्णांचा आहे. दुखणे वेगळे असले तरी प्रश्न तोच होता : टांगून चालवणे घरच्या व्यायामापेक्षा सरस आहे का? अमेरिकेतील ‘लीप्स’ या चाचणीत ४०८ रुग्ण होते. काहींना हार्नेस लावून ट्रेडमिलवर चालवले गेले. काहींच्या घरी फिजिओथेरपिस्टने जाऊन ताकदीचे आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम करून घेतले. ट्रेडमिल जिंकेल अशी संशोधकांची अपेक्षा होती. २०११ मध्ये निकाल आला. वर्षअखेर एकूण ५२ टक्के रुग्णांचे चालणे एक पायरी सुधारले होते आणि गटागटांत फरक नव्हता. उलट, लवकर ट्रेडमिल सुरू केलेल्या गंभीर रुग्णांमध्ये वारंवार पडण्याचे प्रमाण जास्त दिसले.

या निकालाचा अर्थ ‘ट्रेडमिल निकामी’ असा काढणे चुकीचे ठरेल. घरचा गट स्वतःच्या मनाने चार उठाबशा काढत नव्हता. त्यांना ट्रेडमिलवाल्यांइतकीच, म्हणजे दीड-दीड तासाची ३६ सत्रे प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली मिळाली होती. फरक पाडला तो या सातत्याने, आणि आपल्याकडे नेमके तेच सुटते.

मग ती कोणाच्या उपयोगाची?

धावपटूच्या नडगीत किंवा पावलात ताणामुळे आलेली बारीक भेग भरत असताना दम टिकवायचा असेल, तर या यंत्राला तोड नाही. पूर्ण वजनाने धावायला मनाई असतानाही पायांची लय आणि हृदयाची क्षमता राखता येते. बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटने २०१३ मध्ये टाचेची शीर तुटल्यानंतर अशी ट्रेडमिल वापरली होती. बीड जिल्ह्यातील मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे जुलै २०२५ मध्ये मोनॅकोतील शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यावर पडला. गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. अशा खेळाडूसाठी एकेक आठवडा मोलाचा असतो, तिथे महागडे यंत्र परवडते.

खूप वजन असलेले रुग्ण आणि पडण्याच्या धास्तीने पाऊलच न उचलणारे वयस्कर यांनाही फायदा होतो. पिशवीत पडताच येत नाही, हे कळल्यावर भीती जाते.

आता सोलापुरातील नेहमीचा रुग्ण घ्या. सांधेरोपण झालेल्या बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून, पायावर पूर्ण भार देऊन उभे केले जाते. म्हणजे हाडासाठी वजन कमी करण्याची गरजच नसते. खरी लढाई असते ती गुडघा पूर्ण सरळ होणे, पुरेसा वाकणे आणि मांडीची ताकद परत येणे यांची. शिवाय यंत्रमागावर पाळी करणाऱ्याला तासन् तास उभे राहायचे असते, विडी वळणाऱ्या बाईंना बसण्याची नवी सोय शोधायची असते आणि गावाकडच्या प्रत्येकाला एसटीची उंच पायरी चढायची असते. सपाट पट्ट्यावर चालण्याने यातले काहीच शिकवले जात नाही.

पुण्याला न जाता वजन कमी करता येते?

येते, पाण्यात. कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले की पायावर साधारण निम्मे वजन उरते. छातीपर्यंत गेले तर सुमारे एक तृतीयांश, मानेपर्यंत गेले तर दहावा हिस्सा. कार अपघातानंतर गुडघ्यावर शस्त्रक्रिया झालेला ऋषभ पंत मार्च २०२३ मध्ये काठी घेऊन जलतरण तलावात चालताना दिसला होता, त्यामागे हेच गणित होते. वर्षभराने तो आयपीएलमध्ये खेळला.

नळाला काही दिवसांआड पाणी येण्याची सवय झालेल्या शहरात तलावाचा सल्ला थोडा विचित्र वाटेल. तरी उथळ बाजू, धरायला कठडा आणि सोबत जाणकार माणूस असेल तर तलाव चालतो. जखम पूर्ण भरून सर्जनने परवानगी दिल्याशिवाय मात्र पाण्यात उतरायचे नाही. शेतातली विहीर तर नाहीच. तिथे खोली मोजलेली नसते, पायऱ्या शेवाळलेल्या असतात.

दुसरे साधन घरातले आहे : वजनकाटा. डॉक्टरांनी ‘पायावर २० किलोच द्या’ असे सांगितले असेल, तर वॉकर धरून ऑपरेशनचा पाय काट्यावर ठेवायचा, दुसरा पाय तेवढ्याच उंचीच्या पाटावर. काटा २० दाखवेपर्यंत हळूहळू भार द्यायचा. दहा-बारा वेळा केले की २० किलो म्हणजे किती, हे पायाला कळू लागते. चालताना हा अंदाज थोडा चुकतोच, म्हणून अधूनमधून पुन्हा मोजावे. फिजिओथेरपी विभागांत ही युक्ती जुनी आहे.

पैसे नेमके कुठे अडतात?

ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची किंमत जीएसटी वगळता ५४,७२० रुपयांवर आली. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे कवचही कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत वाढले. हे सगळे शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंतचे. सरकारी योजनांचा भर रुग्णालयात दाखल असतानाच्या उपचारांवर आहे. आयुष्मान भारतमध्ये घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस धरलेले आहेत. गुडघा सावरायला मात्र दोन-तीन महिने लागतात आणि अस्थिबंधाच्या शस्त्रक्रियेनंतर खेळायला साधारण नऊ महिने.

ही मधली दरी रुग्णाच्या खिशातून भरली जाते. बहुतेक घरांत ती भरलीच जात नाही, टाके निघाले की व्यायामही थांबतो. त्यामुळे हातात ठरावीक रक्कम असेल, तर ती पुण्यातील पाच-सहा सत्रांवर खर्च करण्यापेक्षा घराजवळच्या फिजिओथेरपिस्टच्या आठ-दहा आठवड्यांवर खर्च करणे बहुतेकांच्या हिताचे आहे. तेही झेपत नसेल तर सिव्हिलच्या, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात विचारावे.

पॅकेज घेण्यापूर्वी काय विचाराल?

आधी आपल्याच सर्जनला विचारा : पायावर किती टक्के भार द्यायचा आणि कधीपासून? हे कागदावर लिहून घ्या. गुडघ्याखालच्या सांध्यालगतचे हाड मोडले असेल तर सहा ते बारा आठवडे पाय टेकवायलाही मनाई असू शकते. तिथे ‘आमच्याकडे वजन शून्याजवळ नेतो’ या जाहिरातीवर जाऊन चालणार नाही.

मग केंद्राला विचारा की ट्रेडमिलशिवाय काय करून घेणार? उत्तरात मांडीची ताकद, गुडघ्याचे वाकणे, तोल आणि जिना यांपैकी काहीच नसेल, तर तुम्ही यंत्राचे भाडे भरत आहात. करून घेणारी व्यक्ती महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणीकृत आहे का, हेही विचारता येते. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

पोटरी अचानक सुजली, दुखू लागली, गरम लागली, तर ना ट्रेडमिल ना तलाव, थेट शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांकडे जा. रक्ताची गाठ असू शकते. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखले, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा.