एक रायफल, तीन शरीरं

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकच्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्य जिंकलं, तेव्हापासून कोल्हापुरातले पालक मला विचारतात, मुलाला कोणती रायफल घ्यावी? कंपनीचं नाव शेवटी पाहा, असं मी कळकळीने सांगतो. या प्रकारात गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभं राहून नेम धरायचा असतो, तोही एकाच रायफलने. म्हणजे एका बंदुकीला तीन निराळ्या शरीरांशी जुळवून घ्यावं लागतं. झोपून मान पुढे जाते, उभ्याने ताठ राहते; त्यामुळे दस्त्याची लांबी, खांद्याला टेकणारी पट्टी आणि गालाचा आधार प्रत्येक वेळी हलवावा लागतो. हे सगळे स्क्रू सहज फिरणारी आणि खुणा नीट वाचता येणारी रायफलच घ्यावी. दहाचं वर्तुळ ५० मीटरवर जेमतेम १०.४ मिलिमीटरचं, गाल किंचित सरकला तरी गोळी त्याच्या बाहेर. पुरुषांसाठी ८ किलोची वजनमर्यादा आहे, पण वाढत्या वयाच्या मुलाच्या खांद्यावर एवढा भार टाकणं मला सरळ अन्याय वाटतो. आधी अंगाला बसणारा दस्ता, मग काडतुसं: एकाच कंपनीच्या दोन लॉटची काडतुसं एकाच नळीतून वेगळी जातात, म्हणून रायफल पकडीत घट्ट बसवून लॉट तपासतात. तिन्ही स्थितींची मापं वहीत लिहून ठेवावीत आणि मुलाची उंची वाढली की नव्याने घ्यावीत.