खाट नको, मोजमाप हवे

गर्भारपणाच्या अठराव्या ते बाविसाव्या आठवड्यात होणारी सोनोग्राफी, म्हणजे अनॉमली स्कॅन, बहुतेक घरांत उत्सुकतेची असते. बाळाचे हात-पाय, कणा, हृदयाचे कप्पे सगळे नीट आहे ना, हे त्यात कळते. त्याच अहवालात ‘सर्व्हायकल लेंग्थ’ अशी एक ओळ असते आणि पुढे मिलिमीटरमधला आकडा. तो २५ किंवा त्याहून कमी निघाला की डॉक्टर सांगतात, ‘पिशवीचे तोंड आखूड आहे.’ घरी पोचेपर्यंत पुढचे सगळे ठरलेलेही असते. नोकरी बंद, जिना बंद, स्वयंपाक बंद. आता बाळंतपणापर्यंत खाटेवरून उतरायचे नाही. सासूबाई सांगतात, आई सांगते, नवरा सांगतो आणि कित्येकदा डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही तेच दोन शब्द असतात: ‘कम्प्लीट बेडरेस्ट’.

या सल्ल्यामागे माया आहे, पण पुरावा नाही. ज्याचा पुरावा आहे ते उपाय मात्र अनेकींपर्यंत उशिरा पोचतात किंवा पोचतच नाहीत. या आठवड्याचा स्तंभ त्याबद्दल आहे.

गर्भाशयाचे मुख सर्वसाधारणपणे तीन ते पाच सेंटिमीटर लांब असते. नऊ महिने ते घट्ट मिटलेले राहते आणि दिवस भरत आले की मऊ होते, आखडते, उघडते. काही बायकांमध्ये हा क्रम कित्येक आठवडे आधीच सुरू होतो. बाहेरून त्याचा पत्ता लागत नाही. कळा नसतात, अंगावरून काही जात नाही. म्हणूनच सोनोग्राफीतल्या आकड्याला महत्त्व आहे.

त्या आकड्याचा अर्थ किती लावायचा, हे १९९६ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवून दिले. जवळपास तीन हजार गर्भवतींच्या गर्भाशयमुखाची लांबी चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास मोजली गेली. लांबी जितकी कमी, तितकी लवकर प्रसूतीची शक्यता जास्त, हे त्यातून स्पष्ट झाले. पण त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष दवाखान्यात क्वचितच सांगितला जातो. ज्यांची लांबी २५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी होती, त्यांच्यापैकी सुमारे १८ टक्के बायका पस्तीस आठवड्यांच्या आत बाळंत झाल्या. उरलेल्या ८२ टक्क्यांनी तो टप्पा ओलांडला. अहवाल हाती घेऊन रडवेल्या झालेल्या बाईला हा आकडा आधी सांगायला हवा. धोका वाढला आहे, हे खरे. बाळ हातचे गेले, असे मात्र कुणीही समजू नये.

अर्थात १५ मिलिमीटर आणि २४ मिलिमीटर यांत फार फरक आहे. सोळाव्या आठवड्यात आखूड होणे आणि तेविसाव्या आठवड्यात आखूड होणे यांतही. आधी कधी सहाव्या-सातव्या महिन्यात बाळंतपण झाले असेल तर चित्र आणखी वेगळे. त्यामुळे शेजारणीच्या किंवा नणंदेच्या अनुभवावरून स्वतःचे भाकीत करण्यात अर्थ नाही.

आता खाटेकडे वळू. अमेरिकेत पहिलटकरणींवर एक चाचणी झाली होती. या सगळ्यांच्या गर्भाशयमुखाची लांबी ३० मिलिमीटरपेक्षा कमी होती. मूळ प्रश्न एका इंजेक्शनचा होता, पण संशोधकांनी त्याच माहितीतून विश्रांतीचाही हिशोब मांडला आणि तो २०१३ साली प्रसिद्ध केला. ज्यांना काम, हालचाल किंवा शरीरसंबंध कमी करायला सांगितले होते, त्यांच्यापैकी ३७ टक्के जणी सदतीस आठवड्यांच्या आत बाळंत झाल्या. ज्यांच्यावर असे बंधन नव्हते त्यांच्यात हे प्रमाण १७ टक्के होते. डॉक्टरांनी अधिक जोखमीच्या बायकांनाच विश्रांती सांगितली असेल, हा आक्षेप रास्त आहे. संशोधकांनी लांबी आणि इतर घटक हिशोबात धरून पुन्हा तपासले, तरीही विश्रांतीचा फायदा दिसला नाही. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटना आता सरसकट बेडरेस्ट देऊ नये असेच सांगतात.

फायदा नसला तरी तोटाही नसेल, असे म्हणावे तर तेही खरे नाही. गरोदरपणात रक्तात गुठळ्या होण्याची शक्यता मुळातच वाढलेली असते. आठवडेच्या आठवडे पडून राहिल्याने ती आणखी वाढते. स्नायूंची ताकद जाते, हाडे कमकुवत होतात. दिवसभर छताकडे बघत, पोटातल्या प्रत्येक हालचालीचा अर्थ लावत राहिलेल्या बाईचे मन किती थकते, ते वेगळे सांगायला नको. जिचे पोट रोजंदारीवर आहे तिच्या घरात तर या सल्ल्याने चूल थंडावते. वजनदार कळशा उचलणे, तासन्तास उभे राहणे टाळायला कुणाची हरकत नाही. पण घरात वावरणे, बसून काम करणे, थोडे चालणे हे गुन्हे नाहीत.

मग करायचे काय?

पहिला उपाय आहे प्रोजेस्टेरॉन. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या डॉ. किप्रोस निकोलायडीस यांच्या गटाने २००७ साली एक चाचणी प्रसिद्ध केली. गर्भाशयमुख १५ मिलिमीटर किंवा त्याहून आखूड असलेल्या २५० बायकांपैकी निम्म्यांना चोविसाव्या ते चौतिसाव्या आठवड्यापर्यंत रोज रात्री २०० मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल योनीमार्गात ठेवायला दिली. उरलेल्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली कॅप्सूल. चौतीस आठवड्यांआधी आपोआप प्रसूती होण्याचे प्रमाण दुसऱ्या गटात ३४.४ टक्के होते, औषधाच्या गटात १९.२ टक्के. चार वर्षांनी अनेक देशांत मिळून झालेल्या दुसऱ्या चाचणीत १० ते २० मिलिमीटर लांबीच्या बायकांना प्रोजेस्टेरॉनची जेल दिली गेली. तेहतीस आठवड्यांआधीच्या प्रसूती १६.१ टक्क्यांवरून ८.९ टक्क्यांवर आल्या.

इथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. हा पुरावा योनीमार्गातून दिलेल्या औषधाचा आहे. तीच कॅप्सूल तोंडाने गिळली तर तोच परिणाम होईल, असे गृहीत धरता येत नाही. दर आठवड्याला दंडात किंवा कमरेत घ्यायच्या १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनच्या इंजेक्शनाची गोष्ट तर निराळीच. वर सांगितलेली पहिलटकरणींवरची चाचणी याच इंजेक्शनाची होती, आणि त्यात त्याचा उपयोग झाला नाही. लवकर प्रसूती टाळण्यासाठी अमेरिकेत त्याला दिलेली मान्यता तिथल्या औषध प्रशासनाने एप्रिल २०२३ मध्ये काढून घेतली. चिठ्ठीवर प्रोजेस्टेरॉन लिहिले असेल तर कोणते, कोणत्या मार्गाने आणि किती आठवड्यांपर्यंत, हे विचारणे हा बाईचा हक्क आहे.

दुसरा उपाय टाक्याचा, आणि तो आपल्याच भूमीतून जगभर गेला. गोव्यातल्या शिरोडा गावी १८९९ साली जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले आणि पुढे तिथेच शिकवू लागले. चौथ्या ते सातव्या महिन्यात पुन्हा पुन्हा गर्भ गमावणाऱ्या बायका ते बघत होते. कितीही विश्रांती दिली, त्या काळी उपलब्ध असलेले हार्मोन दिले, तरी या बायकांचा गर्भ टिकत नाही, अशी नोंद त्यांनी केली आहे. दोष गर्भाशयाच्या तोंडाच्या कमकुवतपणात असावा, असे ओळखून त्यांनी बाईच्याच मांडीतल्या चिवट आवरणाची पट्टी काढून गर्भाशयमुखाभोवती बांधली. १९५५ साली त्यांचा लेख ‘अँटिसेप्टिक’ या भारतीय वैद्यकीय मासिकात आला. दोन वर्षांनी ऑस्ट्रेलियातल्या डॉ. इयन मॅकडॉनल्ड यांनी त्याहून सोपा टाका मांडला: बटव्याची दोरी ओढून तोंड आवळावे तसा. आज जगभर याच दोन टाक्यांची नावे घेतली जातात. शिरोडकरांना १९६० साली पद्मभूषण आणि १९७१ साली पद्मविभूषण मिळाले.

सत्तर वर्षांपूर्वी मुंबईत एका डॉक्टरने नुसती विश्रांती पुरत नाही हे लिहून ठेवले. त्याच मुंबईत आणि महाराष्ट्रात आजही बाईला आधी खाट दाखवली जाते, हे खटकणारे आहे.

टाकाही सगळ्यांसाठी नाही. ज्यांचे आधीचे बाळंतपण दिवस भरण्याच्या बरेच आधी झाले आहे आणि या खेपेला चोविसाव्या आठवड्याआधी लांबी २५ मिलिमीटरच्या खाली आली आहे, त्यांना त्याचा चांगला फायदा होतो. आधीचा असा इतिहास नसताना केवळ सोनोग्राफीच्या आकड्यावर टाका घालून बघितला तेव्हा निकाल वेगळा आला. निकोलायडीस यांच्याच गटाच्या २००४ सालच्या चाचणीत तेहतीस आठवड्यांआधी प्रसूतीचे प्रमाण टाका घातलेल्यांत २२ टक्के आणि न घातलेल्यांत २६ टक्के होते. हा फरक निर्णायक नव्हता. जुळे असतील तर निर्णय आणखी नाजूक असतो. सिलिकॉनची रिंग, म्हणजे पेसरी, हा उपाय काही वर्षे आशादायक वाटत होता. पण अमेरिकेत तिची चाचणी मध्येच थांबवावी लागली आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात फायदा दिसला नाही. उलट पेसरीच्या गटात बाळे दगावण्याचे प्रमाण जास्त निघाले.

हे सगळे उपाय मोजमापावर उभे आहेत, आणि आपले दुखणे नेमके तिथे आहे. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाशयमुख नीट दिसतेच असे नाही. मूत्राशय भरलेले असेल तर ते आहे त्यापेक्षा लांब दिसते आणि खोटा दिलासा मिळतो. खात्रीची मोजणी आतून, म्हणजे योनीमार्गातून, मूत्राशय रिकामे करून होते. तिला काही मिनिटे पुरतात. आपल्याकडे अनेक बायका, आणि त्यांच्या घरचे, या तपासणीला घाबरतात. त्यानेच गर्भ पडेल असे त्यांना वाटते. तसे होत नाही. प्रोब गर्भाशयाच्या तोंडात शिरत नाही. हे दोन वाक्यांत समजावून सांगणारे कुणी सोनोग्राफी केंद्रात असेल तर नकार बराच कमी होईल.

स्त्रीरोगतज्ज्ञांच्या ‘फिगो’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१५ सालीच सांगितले आहे की एकोणीस ते चोवीस आठवड्यांच्या दरम्यान प्रत्येक गर्भवतीची ही मोजणी आतून करावी आणि लांबी २५ मिलिमीटर किंवा कमी असेल तर प्रोजेस्टेरॉन द्यावे. २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे सदतीस आठवड्यांआधी जन्मली, त्यांतली जवळपास ३० लाख भारतात. या सगळ्यांचे कारण आखूड गर्भाशयमुख नव्हते. उच्च रक्तदाब, जंतुसंसर्ग, जुळी अशी कारणे अनेक असतात. पण हे एक कारण आधी दिसू शकते आणि त्यावर औषध आहे.

घरातल्यांसाठीही थोडे बोलायला हवे. निदान झाले की पहिला प्रश्न येतो, ‘काय केलेस?’ पपई खाल्ली, स्कूटरवर बसली, माळ्यावरचा डबा काढला. यातल्या कशानेही गर्भाशयाचे मुख आखूड होत नाही. गर्भाशयमुखावर आधी झालेली शस्त्रक्रिया, गर्भाशयाची जन्मजात ठेवण यांचा कधी संबंध असतो. पुष्कळदा कारण सापडतच नाही. त्या बाईला आरोपांऐवजी सोबत हवी. तपासणीला बरोबर जाणारे माणूस हवे, रात्री-अपरात्री निघावे लागले तर वाहनाची सोय हवी. अंगावरून पाणी किंवा रक्त जाणे, ओटीपोटात जडपणा, ठरावीक अंतराने पोट कडक होणे, कंबरेत कळा, ताप यांपैकी काही जाणवले तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. नवजात अतिदक्षता विभाग असलेले जवळचे रुग्णालय कोणते, ते आधीच माहीत असावे. लवकर प्रसूती होणारच असेल तर आईला दिलेली स्टेरॉइडची इंजेक्शने बाळाच्या फुप्फुसांना बळ देतात. १९७२ साली न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी सिद्ध केलेला हा उपाय आपल्या सरकारी रुग्णालयांतही आहे.

नोकरदार बाईने कायदाही जाणून घ्यावा. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, पण त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडेच प्रसूतीआधी घेता येतात. गर्भारपणातून उद्भवलेल्या आजारासाठी मात्र डॉक्टरांच्या दाखल्यावर कमाल एक महिना वेगळी पगारी रजा मिळू शकते. शेतात, वीटभट्टीवर, ऊसतोडीच्या टोळीत राबणाऱ्या बाईच्या वाट्याला यातले काहीच येत नाही, आणि तिच्यापर्यंत विसाव्या आठवड्यात सोनोग्राफीचे यंत्रही क्वचितच पोचते.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. २०१६ पासून ही व्यवस्था चालू आहे. आरोग्य खात्याने तिला दोन गोष्टी जोडून द्याव्यात: अनॉमली स्कॅनमध्ये गर्भाशयमुखाची आतून मोजणी, आणि गरज असेल तिला चौतीस आठवड्यांपर्यंत पुरेल इतके प्रोजेस्टेरॉन विनामूल्य. खासगी डॉक्टरांनी ‘कम्प्लीट बेडरेस्ट’ लिहिण्याआधी ते कोणत्या पुराव्यावर लिहीत आहोत, हे स्वतःला विचारावे. आणि ज्या वाचक भगिनीला दिवस गेले आहेत तिने अठराव्या आठवड्यानंतरच्या भेटीत डॉक्टरांना थेट विचारावे: माझ्या गर्भाशयमुखाची लांबी किती आहे, ती आतून मोजली आहे का, आणि कमी असेल तर पुढची मोजणी कधी?