रॉस बेट कोणी बांधले?

अंदमानच्या राजधानीतून रॉस बेटाकडे जाणारी होडी ॲबर्डीनच्या धक्क्यावरून सुटते. त्या धक्क्यालगतच एक लहानसे स्मारक उभे आहे. १७ मे १८५९ रोजी धनुष्यबाण घेऊन इंग्रजांच्या बंदुकांवर चालून गेलेल्या अंदमानी आदिवासींचे ते स्मारक. तिकिटाच्या रांगेतल्या प्रवाशांपैकी फारच थोडे तेथे थांबतात. समोर, खाडीच्या तोंडाशी, झाडांनी झाकलेले बेट दिसत असते आणि सर्वांची नजर तिकडे लागलेली असते. महाराष्ट्रातून दरवर्षी मोठ्या संख्येने लोक अंदमानला जातात. सेल्युलर जेलमध्ये सावरकरांची कोठडी पाहावयाची, तेथे हात जोडावयाचे, आणि मग रॉस बेटावर फेरी मारून यावयाचे, असा हा यात्राक्रम आता रूढ झाला आहे. कोठडी पाहताना डोळे पाणावतात आणि बेटावर मन रमते. एकाच व्यवस्थेची ही दोन अंगे आहेत ही गोष्ट मात्र दिवसभरात कोणी सांगत नाही.

बेट आहे जेमतेम सत्तर एकरांचे. मुख्य आयुक्तांचा बंगला, प्रेस्बिटेरियन पंथाचे चर्च, बेकरी, छापखाना, क्लब, नाचघर, पोहण्याचा तलाव, खाऱ्या पाण्यापासून गोडे पाणी करण्याचे यंत्र, दफनभूमी. यांतील बहुतेकांच्या आता केवळ भिंती उरल्या आहेत आणि त्या भिंतींना वडाच्या जातीच्या झाडांच्या मुळांनी विळखा घातला आहे. दृश्य खरोखरच विलक्षण आहे. प्रत्येक भग्न वास्तूपुढे पाटी आहे आणि ती येथे साहेब काय करीत असे ते सांगते. येथे पाव भाजला जाई, येथे मडमा नाचत, येथे प्रार्थना होई. या बेटाला त्या काळी ‘पूर्वेचे पॅरिस’ म्हणत, हेही मोठ्या कौतुकाने सांगितले जाते. प्रवासी ज्यांच्याबरोबर छायाचित्रे काढून घेतात ती हरणेसुद्धा साहेबांनी आणलेल्या हरणांचा वंश आहे. अंदमानच्या जंगलात मूळचे हरीण नव्हतेच. शिकारीच्या हौसेपायी आणलेला हा प्राणी आज तेथील रानाची कोवळी रोपे खाऊन फस्त करीत आहे.

साहेब काय करीत असे हे कळले. पण ते पॅरिस उभारले कोणी?

१८५७ चा उठाव चिरडल्यावर हजारो बंडखोर शिपाई, शेतकरी, मौलवी यांचे काय करावयाचे, हा कंपनी सरकारपुढील प्रश्न होता. सर्वांना फासावर देणे अशक्य होते आणि देशातील तुरुंगांत ठेवणे धोक्याचे होते. १० मार्च १८५८ रोजी डॉ. जेम्स पॅटिसन वॉकर या तुरुंगाधिकाऱ्याच्या देखरेखीखाली दोनशे बंदी अंदमानच्या किनाऱ्यावर उतरविण्यात आले. थोड्याच दिवसांत वसाहतीचे ठाणे रॉसवर आले. पायांत बेड्या असलेल्या माणसांनी तेथील घनदाट अरण्य तोडले, जमीन सपाट केली, आणि पुढच्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत जे जे उभे राहिले ते त्यांच्या व त्यांच्या मागून आलेल्या बंद्यांच्या श्रमातून उभे राहिले. तापाने आणि उपासमारीने माणसे मरत होती. जी पळून जात त्यांना चहूकडे समुद्र आणि रान होते. पकडून आणलेल्या अशा ऐंशीहून अधिक बंद्यांना या वॉकरने एकाच दिवशी फाशी दिले. वसाहतीचे हे पहिले वर्षही अद्याप पुरे झाले नव्हते! नाचघराची पाटी वाचणाऱ्या प्रवाशाला या फाशीची वार्ता कोणत्याही पाटीवर आढळत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी या दंडवसाहतीत सुमारे बारा हजार बंदी होते. सेल्युलर जेल १८९६ ते १९०६ या काळात बांधले गेले. त्याच्या भिंतीही बंद्यांनीच रचल्या. वर्षानुवर्षे शिक्षा भोगल्यावर ज्यांना ‘तिकीट’ मिळे ते बेटावर शेती किंवा धंदा करू शकत. बंदी स्त्रियांना ठरावीक काळानंतर लग्नाची मुभा असे. त्यासाठी त्यांना ओळीने उभे करून बंदी पुरुषांकडून निवड करविली जाई. वसाहतीला मजूर हवे होते आणि मजुरांची पुढची पिढीही हवी होती, हा त्यामागील हिशेब होता. त्या लग्नांतून जन्मलेल्यांचे वंशज आजही तेथे आहेत. त्यांच्यात जात फारशी उरली नाही आणि हिंदू-मुसलमान घरांत सोयरिकी झाल्या, याचे कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. ते खरेही आहे. परंतु ती समता बेड्यांनी आणली होती, हे विसरून चालणार नाही.

या कहाणीतील सर्वांत काळाकुट्ट भाग मूळ रहिवाशांचा आहे. दूधनाथ तिवारी नावाचा एक बंडखोर शिपाई १८५८ मध्ये वसाहतीतून पळाला. बरोबरच्या माणसांना अंदमानींनी मारले. त्याला मात्र जगू दिले, वर्षभर सांभाळले, आपल्यांत लग्न लावून दिले. ॲबर्डीनवर हल्ला करण्याचा त्यांचा बेत ठरला तेव्हा याने धावत जाऊन इंग्रजांना वर्दी दिली. त्याला माफी मिळाली; आदिवासींना गोळ्या मिळाल्या. पुढे डाव फिरला. नारळ, तंबाखू, लोखंड यांच्या मोबदल्यात त्याच आदिवासींना पळालेले बंदी पकडून आणण्याच्या कामी लावले गेले. एका नाडलेल्याला दुसऱ्या नाडलेल्याच्या मागावर सोडावयाचे आणि आपण बंगल्याच्या व्हरांड्यात बसून राहावयाचे, ही साम्राज्याची जुनीच युक्ती होय.

१८६३ मध्ये रेव्हरंड कॉर्बिन याने याच रॉस बेटावर ‘अंदमान होम’ काढले. रानटी माणसाला सुधारण्याचा तो प्रयोग. त्या घरांत उपदंश आला, गोवर आला. तेथे जन्मलेली मुले दोन वर्षांपलीकडे जगली नाहीत. इंग्रज आले तेव्हा ग्रेट अंदमानींची संख्या काही हजार होती. १९६१ च्या शिरगणतीत ती १९ भरली. त्यांच्यातील ‘बो’ ही भाषा बोलणारी अखेरची वृद्धा २०१० च्या जानेवारीत निवर्तली आणि ती भाषा संपली. बेकरी कोठे होती हे प्रवाशाला दाखविले जाते. ‘होम’ कोठे होते, हे विचारण्याचीही त्याला बुद्धी होत नाही. कारण असे काही येथे होते याचीच त्याला कल्पना नसते.

या विस्मृतीला आपल्या राष्ट्रीय चळवळीचाही थोडा हातभार लागलेला आहे, हे येथे स्पष्ट बोलले पाहिजे. सेल्युलर जेलच्या मनोऱ्यात राजबंद्यांची नावे संगमरवरावर कोरली आहेत. १९३३ च्या उपोषणात बळी गेलेले महावीर सिंह, मोहित मैत्र आणि मोहन किशोर नामदास यांचा त्याग कोणी कमी लेखू नये. मोरारजी देसाई यांनी ११ फेब्रुवारी १९७९ रोजी ते जेल राष्ट्रीय स्मारक म्हणून अर्पण केले, तेही योग्यच झाले. पण राजबंदी शेकड्यांत होते. ‘साधे’ कैदी हजारोंनी. दुष्काळात धान्य लुटणारा, सावकाराच्या अंगावर धावून जाणारा, उठावात सामील होऊनही केवळ दरोडेखोर म्हणून नोंदला गेलेला, असे किती जण त्या ‘साध्यां’त होते? शेर अली या पठाण बंद्याने ८ फेब्रुवारी १८७२ रोजी खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याला होपटाउनच्या धक्क्यावर भोसकले. महिनाभराने व्हायपर बेटावर त्याला फाशी झाले. तो देशभक्त की खुनी, यावर दीडशे वर्षे वाद चालू आहे. इतर हजारोंच्या वाट्याला तेवढा वादही आलेला नाही.

३० डिसेंबर २०१८ रोजी रॉस बेटाला नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव देण्यात आले. त्याच दिवशी हॅवलॉक बेट ‘स्वराज’ झाले आणि नील बेट ‘शहीद’ झाले. १८५७ चे बंड रक्तात बुडविणाऱ्या हॅवलॉक व नील यांची नावे स्वतंत्र देशाच्या नकाशावर इतकी वर्षे राहिली हीच लाजिरवाणी गोष्ट होती. ती पुसली गेली त्याबद्दल कोणीही समाजवादी तक्रार करणार नाही. (रॉस बिचारा समुद्राची खोली मोजणारा सर्वेक्षक होता.) पुढे २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरही ‘श्री विजयपुरम’ झाले. पण पाटी बदलली म्हणजे इतिहास सांगून झाला, असे समजणाऱ्यांना काही विचारले पाहिजे. १९४१ च्या भूकंपाने रॉसवरील इमारतींना तडे गेले, १९४२ च्या मार्चमध्ये जपानी उतरले, आणि १९४३ च्या डिसेंबरात नेताजींनी तेथे तिरंगा फडकविला. खरी सत्ता मात्र जपानी आरमाराच्याच हाती राहिली. नेताजी परतल्यावर दोन-तीन आठवड्यांतच डॉ. दिवाणसिंग ‘कालेपानी’ यांनी सेल्युलर जेलमध्ये जपान्यांच्या छळाने प्राण सोडला आणि ३० जानेवारी १९४४ रोजी होमफ्रेगंज येथे ४४ भारतीयांना हेर ठरवून गोळ्या घातल्या गेल्या. नेताजींचे मोठेपण हे सत्य सांगितल्याने उणावत नाही. परंतु एका थोर नावाखाली बेटावर मेलेले बंदी, ‘होम’मध्ये मेलेली मुले आणि होमफ्रेगंजचे मृत या सर्वांना झाकून टाकणे राज्यकर्त्यांना फार सोयीचे पडते.

सोयीचे अशासाठी की, साहेबाची बेटांकडे पाहण्याची रीत अजून चालूच आहे. जंगल तोडण्यासाठी १९१८ पासून छोटानागपूरमधून आदिवासी मजूर अंदमानला नेण्यात आले. ‘रांचीवाले’ या नावाने ते ओळखले जातात. बेटांवरील रस्ते आणि लाकडाचा व्यापार त्यांच्या घामावर उभा राहिला. मायभूमीत जे अनुसूचित जमातीचे, त्यांना येथे तो दर्जा मिळालेला नाही. पिढ्यान्‌पिढ्या ते मागत आहेत. आणि दक्षिणेस ग्रेट निकोबारवर महाबंदर, विमानतळ, वीजकेंद्र व नगर वसविण्याच्या प्रकल्पाला २०२२ मध्ये पर्यावरणीय मंजुरी देण्यात आली. त्यासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर वनभूमी वळविण्यात येणार आहे. तेथे निकोबारी आहेत आणि २०११ च्या शिरगणतीनुसार जेमतेम सव्वादोनशे शोंपेन आहेत. निकोबारींच्या आदिवासी परिषदेने दिलेली संमती त्याच वर्षी परत घेतली. शोंपेनांना तर कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. १८५८ मध्येही बेट ‘मोकळे’ आहे असे समजूनच लोक उतरले होते.

रॉसवर जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी तेथील पडक्या भिंती अवश्य पाहाव्यात. धक्क्यावरचे स्मारकही पाहावे आणि वाटाड्याला ‘होम’ कोठे होते ते विचारावे. सरकारकडे मात्र नेमकी मागणी केली पाहिजे. बंद्यांच्या नोंदवह्यांत जी नावे उरली आहेत ती, त्यांची गावे, जाती, गुन्हे व शिक्षा यांसह, हिंदी, बंगाली, मराठी, तमिळ, मल्याळम अशा त्या त्या भाषांत प्रसिद्ध व्हावीत. बेटावरील पाट्यांवर वास्तू कोणासाठी होती याच्या आधी ती कोणी बांधली ते लिहिले जावे. आणि हा मजकूर ठरविण्याच्या समितीत स्थानिक जन्मलेले, रांचीवाले आणि उरलेले अंदमानी यांचे प्रतिनिधी असावेत. खर्च म्हणाल तर तो तेथे रोज सायंकाळी चालणाऱ्या ध्वनिप्रकाशाच्या खेळाहून काही जास्त येणार नाही.