अपराजित, पण ‘अनिमंत्रित’: १९५१ च्या एका संघाची सोयीस्कर गोष्ट

१/ अमेरिकेच्या क्रीडा-इतिहासात एक गोष्ट मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. १९५१ साली सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाचा फुटबॉल संघ सर्व ९ सामने जिंकला, दोन कृष्णवर्णीय सहकाऱ्यांना मागे ठेवून खेळण्यास त्याने नकार दिला आणि एकही ‘बाउल’ न खेळता त्याचा हंगाम संपला. गोष्ट खरी आहे. ती सांगण्याची रीत मात्र अपराध्यांना पाठीशी घालणारी आहे.

२/ प्रथम पार्श्वभूमी. अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलचा हंगाम शरद ऋतूत चालतो. तो संपल्यावर नववर्षाच्या सुमारास निवडक संघांना ‘बाउल’ सामन्यांचे निमंत्रण मिळते. निमंत्रण देणारे त्या त्या शहरातील आयोजक असत. मायामीत ऑरेंज बाउल, न्यू ऑर्लिन्सला शुगर बाउल, जॅक्सनव्हिलला गेटर बाउल. मान मोठा आणि उत्पन्नातील वाटाही मोठा.

३/ आता संघ. जेझुइट पंथीयांचे हे लहानसे विद्यापीठ. प्रशिक्षक जो कुहारिक. प्रसिद्धीचे काम पाहणारा तरुण पीट रोझेल. संघात जिनो मार्केटी आणि बॉब सेंट क्लेअर यांच्यासारखे धिप्पाड गडी, आणि दोन कृष्णवर्णीय खेळाडू: ऑली मॅटसन व बर्ल टोलर.

४/ त्या हंगामात चेंडू घेऊन धावत सर्वाधिक अंतर कापणारा देशातील खेळाडू मॅटसन होता: १,५६६ यार्ड आणि २१ टचडाउन. न्यूयॉर्कला जाऊन या संघाने फोर्डमला ३२-२६ असे हरवले. पॅसिफिक महाविद्यालयाचा ४७-१४ असा धुव्वा उडवला. वृत्तसंस्थेच्या अखेरच्या क्रमवारीत संघ १४ वा आला.

५/ दक्षिणेतून निरोप आला तो असा, की मॅटसन आणि टोलर यांना घरी ठेवले तर विचार करता येईल. खेळाडूंनी एकमुखाने नकार दिला. संघातील लोकांनी पुढे आयुष्यभर हीच हकीकत सांगितली.

६/ येथे पहिला बचाव पुढे येतो: ‘प्रश्न वर्णाचा नव्हताच; या संघाचे प्रतिस्पर्धीच दुबळे होते.’ हा बचाव तपासून पाहावा. ज्या पॅसिफिकला या संघाने ३३ गुणांनी हरवले, तोच पॅसिफिक त्या वर्षी सन बाउल खेळला. तो बाउल वरील तिघांहून लहान, हे मान्य. परंतु हरलेला निमंत्रणास पात्र आणि जिंकलेला अपात्र, हे कोणत्या मोजपट्टीवर बसते?

७/ आणि त्या तीन बाउलमध्ये खेळले कोण? मेरिलंड, टेनेसी, जॉर्जिया टेक, बेलर, मायामी आणि क्लेमसन. या सहाही विद्यापीठांच्या संघांत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. हा योगायोग म्हणायचा असेल, तर योगायोग या शब्दाला अर्थच उरत नाही.

८/ दुसरा बचाव अधिक लोकप्रिय आहे: ‘काळच तसा होता.’ पण काळ कोणालाही निमंत्रण नाकारत नाही; माणसे नाकारतात. १ जानेवारी १९४८ रोजी टेक्सासमधील डॅलस येथे, वर्णभेद कायद्याने चालू असतानाच, पेन स्टेटचा संघ कॉटन बाउल खेळला. त्यात वॉलेस ट्रिप्लेट आणि डेनिस हॉगर्ड हे दोघे कृष्णवर्णीय होते. सामना १३-१३ असा बरोबरीत सुटला. आकाश कोसळले नाही.

९/ म्हणजे १९५१ मध्ये दुसरा मार्ग माहीत नव्हता असे नाही. तो मार्ग चार वर्षांपूर्वीच चालून दाखवला गेला होता. मायामी, न्यू ऑर्लिन्स आणि जॅक्सनव्हिल यांनी तो जाणूनबुजून घेतला नाही.

१०/ त्याच शरदातील आणखी एक घटना. २० ऑक्टोबर १९५१ रोजी ओक्लाहोमातील स्टिलवॉटर येथे ड्रेक विद्यापीठाच्या जॉनी ब्राइट या कृष्णवर्णीय खेळाडूचा जबडा प्रतिस्पर्ध्याने चेंडूपासून दूर असताना फोडला. त्या छायाचित्रांना पुलित्झर पारितोषिक मिळाले. ओक्लाहोमा स्टेटने क्षमा मागितली ती २००५ साली.

११/ केवळ दक्षिणेला दोष देऊन उत्तरेला सुटता येणार नाही. १९३४ साली मिशिगनने आपल्याच मैदानावर, जॉर्जिया टेकच्या आग्रहापुढे मान तुकवून, विलिस वॉर्डला बसवून ठेवले. बोस्टन कॉलेजने लू माँटगोमेरीला १९४० च्या कॉटन आणि १९४१ च्या शुगर बाउलमध्ये खेळवले नाही. न्यूयॉर्क विद्यापीठाने १९४० मध्ये लेनर्ड बेट्सला मिझुरीला नेले नाही आणि निषेध करणाऱ्या सात विद्यार्थ्यांना निलंबित केले. या व्यवहाराला नाव होते ‘सभ्य गृहस्थांचा करार’!

१२/ या ओळीत सॅन फ्रान्सिस्कोच्या खेळाडूंचा नकार उभा करावा, म्हणजे त्याचे मोल कळते. तो नकार स्वस्त नव्हता. विद्यापीठाचा फुटबॉल विभाग तोट्यात होता. बाउलच्या पैशाचा आधार हवा होता. तो मिळाला नाही आणि हंगामानंतर विद्यापीठाने संघच बंद केला.

१३/ पुढची कथा गोड आहे आणि म्हणूनच घातक आहे. नऊ जण व्यावसायिक एनएफएलमध्ये गेले. मार्केटी, मॅटसन व सेंट क्लेअर यांना सर्वोच्च सन्मान मिळाला. रोझेल एनएफएलचा प्रमुख झाला. टोलर १९६५ मध्ये तिचा पहिला कृष्णवर्णीय सामनाधिकारी ठरला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये, जेथे खाशाबा जाधवांनी कांस्य जिंकले, तेथेच मॅटसनने ४०० मीटर शर्यतीत कांस्य आणि रिलेमध्ये रौप्य मिळवले.

१४/ पण समजा, यांपैकी काहीच घडले नसते. मॅटसन सामान्य खेळाडू निघाला असता, टोलर विस्मृतीत गेला असता. मग त्यांना घरी ठेवण्याची अट न्याय्य ठरली असती काय? गुणवत्तेचे दाखले जोडून अन्याय सिद्ध करावा लागतो, तेव्हा सामान्य माणसाचा न्यायावरील हक्क आपण नकळत सोडून दिलेला असतो.

१५/ काळ आपोआप सुधारतो, हाही भ्रमच. १९५६ च्या शुगर बाउलमध्ये पिट्सबर्गकडून बॉबी ग्रिअर खेळला आणि तेथील वर्णरेषा पुसली गेली. त्याच वर्षी लुइझियानाने मिश्रवर्णीय खेळांवर कायद्याने बंदी घातली! ती न्यायालयातून उठवायला १९५९ उजाडले. काळ पुढे गेला नाही; त्याला ढकलावे लागले.

१६/ ‘अनिमंत्रित’ हा शब्द म्हणून अपुरा आहे. त्यात कर्ता नाही. इतिहास वाचणाऱ्या तरुणांनी असा कर्त्याविना शब्द दिसला की थांबावे आणि विचारावे: निमंत्रण कोणी दिले नाही? खेळाडूंची नावे आपल्याला पाठ आहेत. त्यांना दार लावणाऱ्यांचीही पाठ असायला हवीत.