हक्क आहे, पण योग्य आहे का?

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलाला ‘राइट’ हा शब्द फार लवकर भेटतो. गणिताचे उत्तर जुळले की बाई ‘राइट’ म्हणतात. कवायतीत ‘राइट’ म्हटले की उजवीकडे वळायचे असते. भूमितीत ‘राइट अँगल’ म्हणजे काटकोन, नागरिकशास्त्रात ‘राइट’ म्हणजे हक्क आणि वृत्तपत्र हाती घेतले की ‘राइट’ म्हणजे एक राजकीय गट. मराठीने यांतील बहुतेक अर्थांसाठी वेगळी सोय केली आहे. इंग्रजीने सारा भार एकाच शब्दावर टाकला आहे.

या अर्थांच्या मुळाशी ‘सरळ’ ही कल्पना आहे. आपला ‘ऋजु’ हा संस्कृत शब्द ‘राइट’चा दूरचा भाऊबंद होय, असे भाषाशास्त्र सांगते. जे सरळ ते बरोबर, आणि न्यायाने ज्याला जे मिळावे तो त्याचा हक्क, असा हा प्रवास झाला. उजव्या हाताचे कौतुक आपल्याकडेही कमी नाही. सरस असेल तो ‘उजवा’ ठरतो, पक्षपाताला ‘डावे-उजवे करणे’ म्हणतात आणि प्रदक्षिणा घालताना देव उजव्या हाताला ठेवतात. मात्र ‘बरोबर’ आणि ‘हक्क’ या दोन कल्पना मराठीने एकमेकींत मिसळू दिल्या नाहीत. ‘हक्क’ हा मूळचा अरबी शब्द. अरबीत त्याचा अर्थ सत्य असाही होतो. मराठीत येताना ‘हक्का’ने सत्य मागे ठेवले आणि दावा तेवढा बरोबर आणला. संस्कृत ‘अधिकारा’त तर पात्रतेचा अर्थ आहे. मीमांसकांच्या परिभाषेत एखादे कर्म करण्यास जो पात्र, तो त्याचा अधिकारी.

हा भेद केवळ शब्दकोशापुरता नाही. आज सुशिक्षित घरांतून ‘इट्स माय राइट’ हे वाक्य वारंवार ऐकू येते. बोलणाऱ्याला म्हणायचे असते, ‘हा माझा हक्क आहे.’ त्याच्या मनात मात्र नकळत दुसरे वाक्य उमटते, ‘म्हणजे माझे बरोबर आहे.’ वस्तुतः ही दोन विधाने निरनिराळी आहेत. पहिल्याचा निवाडा न्यायालय करते, दुसऱ्याचा विवेकाला करावा लागतो.

वृद्ध आईवडिलांचेच उदाहरण घ्यावे. सज्ञान मुलाने कोठे राहावे, कोठे नोकरी करावी हे ठरविण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. पण त्या हक्काच्या आडोशाने आईवडिलांची विचारपूसही थांबली, तर त्याला योग्य कोण म्हणेल? अखेर २००७ मध्ये ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठी संसदेला कायदा करावा लागला आणि मुलांकडून निर्वाहखर्च मागण्यासाठी आईवडिलांना न्यायाधिकरणाची सोय मिळाली. घरातले कर्तव्य आटले की त्याचा हक्क होऊन तो न्यायाधिकरणापुढे उभा राहतो. कायदा पैसे देववू शकतो. जेवताना शेजारी बसणारा मुलगा देऊ शकत नाही. १९४७ मध्ये युनेस्कोच्या ज्युलियन हक्सली यांनी मानवी हक्कांविषयी विचारणा केली असता, खरे हक्क कर्तव्यपालनातूनच येतात हे आपण आपल्या निरक्षर पण शहाण्या आईकडून शिकलो, अशा आशयाचे उत्तर गांधीजींनी दिले होते.

तथापि या विचाराचाही दुरुपयोग होतो, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. वडिलांच्या पश्चात बहिणींना बोलावून हक्कसोडपत्रावर सह्या घेण्याची रीत महाराष्ट्राला परिचित आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीलाही मुलासारखा जन्मसिद्ध हिस्सा २००५ च्या सुधारणेने दिला. महाराष्ट्राने तर अविवाहित मुलींसाठी १९९४ मध्येच हे पाऊल उचलले होते. त्या तारखेला वडील हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. तरीही ‘माहेर तुटेल’ या भीतीने बहीण सही करते आणि त्यागाची शिकवण तिलाच दिली जाते. तिने हिस्सा मागितला तर तिचा हक्कही आहे आणि तिचे बरोबरही आहे. स्वतःच्या कर्तव्याची आठवण ठेवणे हा धर्म; दुसऱ्याच्या कर्तव्याचे स्मरण देऊन त्याचा हक्क बुडविणे हा अधर्म. मूलभूत कर्तव्ये घटनेत आली ती १९७६ मध्ये, ऐन आणीबाणीत. ती कर्तव्ये उत्तमच आहेत. पण नागरिकांच्या हक्कांना कुलूप लावणाऱ्यांनीच कर्तव्याचा पाठ द्यावा, हा इतिहास विसरण्याजोगा नाही.

राहिला राजकारणातला ‘राइट’. १७८९ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत राजाच्या नकाराधिकाराचे समर्थक अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसले आणि विरोधक डाव्या. त्या बैठकव्यवस्थेतून आलेली ही लेबले आजही भारतीय विचारप्रवाहांना चिकटविली जातात. दत्तोपंत ठेंगडी यांनी १९५५ मध्ये भारतीय मजदूर संघाची स्थापना केली. कामगारांसाठी लढणारी आणि जागतिक व्यापार करारांना विरोध करणारी ही संघटना त्या फ्रेंच सभागृहात नेमकी कोठे बसली असती? पण लेबल अन्यायाचे आहे, एवढ्याने आपली बाजू आपोआप खरी ठरत नाही. ज्याला जग ‘राइट’ म्हणते त्यानेही आपण ‘राइट’ आहोत का, हे रोज तपासून पाहिले पाहिजे. नावात सत्य मिळत नाही, ते आचरणाने मिळवावे लागते.

म्हणून घरातल्या मुलांना इंग्रजी अवश्य शिकवावे, उत्तम शिकवावे. पण पुढच्या वेळी ‘इट्स माय राइट’ असे कानी पडले, तर न रागावता एकच प्रश्न मराठीतून विचारावा: ‘हक्क आहे हे मान्य, पण योग्य आहे का?’ हा प्रश्न मुलांना विचारण्यापूर्वी मोठ्यांनी तो स्वतःला विचारलेला असावा, एवढीच अट आहे.